कडू दुधी औषध नाही, आत्या

रविवारी सकाळी सात वाजता आत्याचा फोन. "अगं, आजचा दुधी कडूजहर निघालाय. बरं झालं ना? त्यात लिहिलंय, कडू असेल तर दुप्पट गुण." पेला ओट्यावर भरलेला, लिंबूही पिळून झालेलं. आधी फोन केला हे नशीब.

'त्यात' म्हणजे नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज. रोज उपाशीपोटी दुधीचा कच्चा रस प्या, हृदयातले ब्लॉकेज विरघळतात. कडू दुधी जास्त गुणकारी. सोबत कारलं घातलं तर उत्तमच. निसर्गातली वस्तू, अपाय शून्य.

ब्लॉकेज रसाने विरघळत नाहीत. पुढे.

कडू म्हणजे गुणकारी, हे मात्र जिवावर बेतणारं आहे. कारलं कडूच असतं, ती त्याची जात. दुधी कडू लागला तर त्यात कुकुरबिटासिन वाढलेलं असतं. खाणाऱ्याला पळवून लावायला वेलीने केलेलं विष. पोटात कळा, उलट्या, कधी रक्ताची उलटी, आणि रक्तदाब एकदम खाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हीच प्रकरणं तपासली; अहवाल 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'च्या जानेवारी 2012 च्या अंकात आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेका, दुसऱ्या रसात मिसळू नका. या विषावर उतारा नाही.

मिसळू नका का, ते कळायला फार डोकं लागत नाही. कारल्यासोबत दुधीचा कडूपणा कळणार कसा? दिल्लीत 2010 साली एक शास्त्रज्ञ असाच दुधी-कारल्याचा एकत्र रस पिऊन गेले. मेसेज नेमकी तीच कृती सांगतो.

"मग भाजी करते, शिजवलं की जाईल," आत्या म्हणाली. जात नाही. जर्मनीत 2015 साली एक म्हातारे गृहस्थ घरगुती बागेतल्या कडू झुकिनीचा (दुधीच्याच कुळातली भाजी) रस्सा खाऊन वारले. बायकोने कडू म्हणून थोडंच खाल्लं, ती वाचली.

निसर्गाचंच म्हणाल तर तो आपल्या सोयीने चालत नाही. कच्चं अळू खाऊन बघा, घसा सांगेल. आजी चिंच उगाच घालत नव्हती. तंबोऱ्याला लागतो तो कडू भोपळा दुधीच्याच कुळातला, पण तो वाजवतात, खात नाहीत. गंमत अशी की ज्या कडूपणाने बाकीचे पळतात, त्याच्याच ओढीने तांबडे भुंगेरे वेलीवर येतात. त्यांना पचतं, आपल्याला नाही. आणि घरचं बी राखलं, पण शेजारी कडू भोपळ्याचा वेल असला, तर पुढच्या पिढीत कडूपणा परततो. 'सेंद्रिय आहे' याने त्यात काही फरक पडत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: काकडीचं टोक कापतात त्यात तथ्य आहे, देठाकडे कडूपणा जास्त असतो. घासून फेस काढणं मात्र नुसता हाताला चाळा. दुधीची भाजी हलकी, तेही खरं. गोड्या दुधीची.

आत्याने पेला मोरीत ओतला. मग म्हणाली, "उरलेला अर्धा गाईला घालू?"

गाईलाही नको, आत्या.