बंदूक भाड्यानं मिळेल का, वहिनी?

“साहेब आहेत का?”

परवा भर दुपारी जाळीच्या दाराबाहेरून आवाज आला. शस्त्रविक्रीचा परवाना दाराशेजारी काचेत लावलेला आहे. त्यावर नाव माझं, फोटो माझा, आणि त्या फोटोखाली मी स्वतः उभी. “बोला,” म्हटलं.

“नाही, बंदुकांचं बघणारे साहेब.”

“मीच बघते.”

गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली. एखादी पीळदार मिशी बाहेर येईल अशी आशा असावी. आतून मांजर आलं.

गृहस्थ नवऱ्यामुलाचे मामा होते. भाच्याच्या प्री-वेडिंग फोटोंची सगळी जबाबदारी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. थाट सरदारी ठरला होता. ग्वाल्हेरच्या उरवाई दरवाज्याच्या बाजूनं मागे किल्ला, पुढे भाचा, भाच्याच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी आणि खांद्यावर दुनळी.

“दोन तासांपुरती हवी होती,” मामा म्हणाले.

“विकत नकोय?”

“छे हो, भाड्यानं! शेरवानी भाड्यानं आणलीय, पगडी भाड्यानं, घोडा भाड्यानं. बंदूकच तेवढी राहिली.”

“परवाना आहे?”

“कुणाचा?”

“नवरदेवाचा.”

“आहे की. गाडी चालवायचा.”

इथं दार लावून घेता आलं असतं. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत ओळख नसलेला माणूस पाच मिनिटांत कुणाचा तरी साडू निघतो, त्यामुळे तोडून बोलायची सोय नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे समोरच्याला ते बाळगायचा अधिकार आहे याची खात्री केल्याशिवाय शस्त्र कुणाच्या हाती सोपवता येत नाही. दोन तासांसाठी नाही आणि दोन मिनिटांसाठीही नाही. मामांनी मान डोलावली. पटलं म्हणून नाही, पुढचा मुद्दा तयार होता म्हणून.

“रिकामीच द्या हो. काडतुसं आम्हाला नकोतच.”

रिकामी बंदूक ही जणू रिकामी बरणी, असा एक समज आहे. कायद्यासमोर रिकामी बंदूक ही बंदूकच.

“मग सुटी करून द्या. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. जोडून फक्त फोटोला धरू.”

मामांना थोडीफार माहिती होती हे मान्य करायला हवं. दुनळी खरंच तीन तुकड्यांत सुटते. नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग खटका दाबून ओढला की निघतो, मग बंदूक मोडून नळ्या बिजागरीवरून उचलायच्या, हातात राहतो तो दस्ता, घोडे-चापाच्या यंत्रासकट. पण अधिनियमातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे नुसती नळी बगलेत मारून निघालेला मामासुद्धा शस्त्र घेऊनच निघालेला असतो.

“एखादी मोडकी असेल की.”

“मोडकी पण रजिस्टरवर असते.”

“डिपॉझिट ठेवतो. आधार कार्ड आणि स्कूटर.”

मी छऱ्याची एअरगन दाखवली. 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली, हिला परवाना लागत नाही. ओळखपत्राची नोंद घेऊन विकता येते. मामांनी ती दोन बोटांनी उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, “ही जत्रेतली वाटते. आमचा फोटोग्राफर झाशीहून येतोय.”

मग त्यांची नजर आतल्या लोखंडी दारावर गेली. जुनी, नक्षीकामाची, इंग्लिश अशी काही आहे का? आहे. ग्वाल्हेरात अशा पुष्कळ आहेत, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून उतरलेल्या. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या नळ्या, त्यावर पाण्याच्या लहरींसारखी रेघ, ज्यांना सगळे डमास्कस म्हणतात. फार देखणी वस्तू. आणि आजचं काडतूस त्यात घालायला फार वाईट. त्या नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी बनवल्या आहेत. पट्ट्यांच्या सांध्यांत गंज आतून किती गेलाय हे बाहेरून दिसत नाही, आणि बिनधुराच्या दारूचा दाब तो सांधा शोधून काढतो.

ज्या जुन्या बंदुकीच्या नळ्या साध्या पोलादाच्या, तिथं घोळ वेगळा. पुष्कळ जुन्या इंग्लिश बारा बोरांची काडतुसाची खोबण 65 मिलिमीटरची असते. आजचं काडतूस बहुधा 70 चं. गिऱ्हाईक म्हणतं, बसतंय की व्यवस्थित! बसणारच. 70 हे माप उडाल्यानंतरचं, तोंड उलगडल्यावरचं. उडायच्या आधी तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड असतं आणि 65 च्या खोबणीत गुमान शिरतं. चाप ओढला की दुमड उलगडायला जागा नसते, छरे त्या चिंचोळ्या तोंडातून रेटले जातात आणि दाब चढतो. कधी बिजागरी ढिली होते, कधी नळी फुगते. काडतूस आत जातंय म्हणजे ते त्या बंदुकीचं आहे, असं नाही. काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी ऐकलं जाणारं वाक्य हेच असावं. बाई सांगतेय म्हटल्यावर तर गिऱ्हाईक जरा हसून मागे वळून बघतं, साहेब येतायत का.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. “पण आम्हाला उडवायचीच नाहीये,” ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून तोडगा काढला.

“तुम्हीच चला ना बरोबर. बंदूक तुमची, तुमच्याच हातात. फोटो काढायच्या वेळी फक्त त्याच्या खांद्यावर टेकवायची. जेवण आमच्याकडे. साहेबांनाही घेऊन या, संकोच नको.”

विक्रीचा परवाना त्यावर लिहिलेल्या जागेपुरता असतो हे सांगितलं. परवान्यात खोली लिहिलेली आहे, उरवाई दरवाजा लिहिलेला नाही. मग मामा म्हणाले, त्या खोलीतच काढू. आतल्या कपाटांसमोर उभा करू, मागे ओळीनं बंदुका, झकास दिसेल. तो फोटो इंस्टाग्रामवर जाणार, आणि हत्यारासोबतचे असले फोटो आमच्या भागात पोलीस फार आवडीनं बघतात. मागे ओळीनं ज्या बंदुका दिसतील त्यातल्या निम्म्या तर लोकांनी विश्वासानं ठेवलेल्या. वरातीत कुणी बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही सांगून टाकलं, कारण मामांचा पुढचा प्रश्न मला दिसत होता.

ते उठले. दारात थांबून लोखंडी दाराकडे बोट केलं. “बरं, निदान लग्नापर्यंत दागिने ठेवाल का आत? एवढं जाड दार आहे.” तेही नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला दुःख म्हणतात. जाताना म्हणाले, “ठीक आहे. साहेबांना विचारून ठेवा.”

हा उद्योग घरातून चालतो म्हटलं की लोकांना वाटतं, पापड-लोणच्यासारखा. खालची पुढची खोली, तिला लोखंडी दार, जाळी, कॅमेरे. शस्त्रं एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, किल्ल्या तिसरीकडे. खोलीची भिंत हलवायची तरी आधी कागद हलवावे लागतात. खरेदीचं रजिस्टर, विक्रीचं, काडतुसांचं, ठेवींचं, सगळी पानं क्रमांकित. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक रेघ, बाजूला सही. तपासणीला आलेला माणूस कपाट आणि कागद जुळवतो, क्रमांक नळीवरचा मोठ्यानं वाचायचा, रजिस्टरातला मोठ्यानं वाचायचा. एका काडतुसाचा फरक म्हणजे दुपार गेली.

आणि विक्री? गिऱ्हाईक एकवीस वर्षांचं हवं, परवाना हवा, परवान्यावर कुठलं हत्यार ते लिहिलेलं हवं, परवानाधारकांच्या राष्ट्रीय यादीतला त्याचा विशिष्ट क्रमांक हवा. काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती तेही तिथंच लिहिलेलं असतं. विकलेल्या प्रत्येक पाकिटाची तारीख, संख्या, शिक्का, सही परवान्यावर मारायची. कुणाला आपली जुनी बंदूक दुसऱ्या परवानेवाल्याला विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबायचं. हे सांगितलं की विकणारा म्हणतो, आम्ही तर सख्खे मेहुणे आहोत. मेहुण्यांनाही 45.

2019 पर्यंत एका परवान्यावर तीन हत्यारं चालत होती, मग दोनच झाली. तिसरं वर्षाच्या आत ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. तेव्हा घराघरांत कुठलं तिसरं यावर जे वाद झाले ते वाटण्यांतही होत नाहीत. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात बंदूक ही घरातली व्यक्ती असते. इथं परवान्याचा मोह एवढा की 2008 मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवाना द्यायची योजना निघाली होती. 2019 मध्ये खुद्द ग्वाल्हेरात परवाना हवा तर दहा झाडं लावा आणि झाडांसोबत सेल्फी आणा असं ठरलं, नंतर गोशाळेला दहा कांबळी द्या असंही. त्या कांबळ्यांतली एक जरी ठेवीच्या बंदुकांखाली अंथरायला मिळाली असती तर उपकार झाले असते.

कारण खरी अडचण ठेवींची आहे. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करायचा हुकूम निघतो, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. मध्य प्रदेशची 2023 ची विधानसभा निवडणूक 9 ऑक्टोबरला जाहीर झाली आणि दसरा आला 24 ला. म्हणजे सगळ्या गावाच्या बंदुका आत आणि सगळ्या गावाची शस्त्रपूजा बाहेर. झेंडू, आपट्याची पानं, नारळ घेऊन माणसं जाळीशी उभी. आत जाता येत नाही, मग हात घालून नळीवर बोट तरी टेकू द्या. टेकू दिलं. आता हे बघा: ओलं कुंकू निळ्या-काळ्या पोलादावर वाळेपर्यंत तसंच राहिलं की त्याच्याखाली गंजाचा टिपका धरतो. दसऱ्यानंतर प्रत्येक नळी पुसायची, रंगून ऑइलचा बोळा फिरवायचा, बोळा कोरडा करून पुन्हा फिरवायचा. तेल जास्त झालं तर उभ्या बंदुकीत ते ओघळून दस्त्यात उतरतं आणि लाकूड काळं, भुसभुशीत होतं. म्हणून तोंड खाली करून ठेवायच्या. हे कुणी करायचं? साहेबांनी.

डिसेंबरात मोजणी झाली, बंदुका परत गेल्या. 16 मार्च 2024 ला लोकसभा लागली, त्याच बंदुका परत आल्या. जूनपर्यंत मुक्काम. ठेवीचं जे भाडं लोक देतात, त्यात सायकलसुद्धा स्टँडवर एवढे दिवस राहणार नाही. आणि देताना वर विचारतात, एवढे कशाचे?

चामड्याची आणि गोधडीच्या कापडाची कव्हरं आम्ही ठेवून घेत नाही. ती दमट हवा शोषतात आणि नळीला चिकटवून ठेवतात, पावसाळ्याआधीच पोलादाला फोड येतात. कव्हर मालकाकडे, बंदूक आमच्याकडे, पावती मालकाच्या हातात. जूनमध्ये एक आजोबा पावतीशिवाय आले.

“पावती कव्हरात ठेवली होती.”

“मग कव्हर?”

“सुनेनं धुतलं.”

पावती नाही तर लेखी अर्ज, मूळ परवाना, ओळखपत्र, आणि ठेवीच्या रजिस्टरातल्या सहीशी सही जुळायला हवी. जुळेना. जमा करायला पुतण्या आला होता आणि त्यानं काकांच्या नावापुढे स्वतःची सही ठोकून दिली होती. परवाना उघडला तर त्याची मुदत एप्रिलमध्येच संपलेली. मुदत संपलेल्या परवान्यावर बंदूक परत देता येत नाही, आधी नूतनीकरण. आजोबांनी काठी आपटली, म्हणाले, पोरी, तुझ्याशी काय बोलायचं, मी सगळं साहेबांना नीट समजावून सांगतो. बंदूक अजून आतच आहे, गेल्याच आठवड्यात तिला तेल दिलं.