आवाज फाटला

आपल्याकडे ज्या यंत्राला काठीनं वाजवायचे पॅड असतात त्या सगळ्याला ऑक्टोपॅड म्हणतात. रोलँडनं 1985 मध्ये हे नाव आणलं तेव्हा पॅड खरोखर आठ होते. माझ्या सॅम्पलरला, म्हणजे भरलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्राला, नऊ आहेत, आतले आवाज मी स्वतः भरलेत, तरी हळदीच्या मांडवात मी 'तो ऑक्टोपॅडवाला'. असो. या नवांनी मिळून माझी अब्रू घालवली ती भिवंडीजवळच्या एका हळदीत.

चूक माझीच. घरी हेडफोन लावून हलगी, ताशा, ढोलकीची थाप, किक (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) असं एकेक सॅम्पल भरलं आणि प्रत्येक नॉर्मलाइझ केलं. म्हणजे त्याचं सर्वांत उंच टोक शून्य डीबीला (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) टेकवलं. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत. 16 बिटांत वरच्या बाजूला 32767 च्या पुढे आकडाच नाही. लाट त्याहून मोठी झाली की तिचा माथा सपाट कापला जातो. एकेकटं वाजवलं तर सगळं गोड. पण दोन हुबेहूब आवाज एकदम आले की 6 डीबी वाढतात, चार आले की 12. छताला डोकं टेकलेल्या चौघांना मी एकमेकांच्या खांद्यावर बसवलं होतं.

आई दूध तापवताना पातेलं चार बोटं रिकामं ठेवते. त्याला हेडरूम म्हणतात हे तिला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. ठेवत मात्र तीच होती.

साउंडचेकला मी बोटांनी टिचक्या मारल्या. साउंडवाल्यानं त्या टिचक्यांच्या हिशेबानं गेन, म्हणजे मिक्सरात येणारा आवाज किती मोठा करायचा ते, लावला. मग नवरदेव पाटावर बसला, बेंजोवाल्यानं चाल धरली आणि मी दोन्ही काठ्या उचलून दिल्या. हलगी आलीच नाही. पत्र्यावर खडी ओतल्यासारखं काहीतरी आलं.

"दादा, लाल मारतंय!" साउंडवाला ओरडला. मी मास्टर नॉब खाली घेतला. फाटका आवाज हळू झाला, फाटकाच राहिला. तो आतच फाटला होता, नॉब बिचारा दाराबाहेरचा. तेवढ्यात नवरदेवाचे काका धावत आले, "आवाज वाढवा!" साउंडवाल्यानं गेन चढवला. आता फाटक्या आवाजाच्या जोडीला घूं घूं पण आली.

मग मला दिसलं, माझी वायर त्यानं माइकच्या इनपुटात दिली होती. माइकचा आवाज बारीक, यंत्राचा (त्याला लाइन लेव्हल म्हणतात) दांडगा. माइकच्या तोंडात लाइन लेव्हल म्हणजे चिमणीला पंगतीचं ताट! अशा वेळी मिक्सरवर एक बटण असतं, येणारा आवाज वीसेक डीबीनं उतरवणारं. त्या बटणाचं नाव, कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे, पॅड.

"पॅड दाब, पॅड!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

माझ्याशेजारी वायरी सांभाळायला बसलेल्या पोरानं तत्परतेनं माझ्याच यंत्राचा कोपऱ्यातला पॅड दाबला. तळहातानं, पूर्ण ताकदीनं. त्यावर तोफ होती, वरमाईच्या एंट्रीसाठी राखून ठेवलेली. हळद लावणारी आजी दचकली आणि तिची पाचही बोटं नवरदेवाच्या डोळ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दार लावून बसलो. किक उणे 6 वर, हलगी उणे 9, ताशा उणे 12, कारण तो कानाला असाही टोचतोच. तोफेला उणे 15 ची शिक्षा. मग सापडतील तेवढे पॅड एकदम बडवून पाहिले, कुठे फाटतंय का ते. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "हळद कुणाची रे?"

पुढच्या महिन्यात त्याच घरात धाकट्याची हळद. साउंडचेकला टिचक्या नाहीत, काठीनं खरा मार दिला. वायर लाइन इनपुटात. रात्रभर लाल दिवा एकदाही पेटला नाही, ढोलकीची शाई ऐकू यावी इतका स्वच्छ आवाज. साउंडवाल्यानं लांबून अंगठा दाखवला. मी फुशारून काठ्या पिशवीत भरत होतो, तर काका आले. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"दादूस, आज मजा नाय आली. मागच्या टायमाला कसला फाडला होतास!"