काळी बिअर टॉनिक नाही हो, तो मेसेज आता थांबवा

हिरव्या टिकमार्कांनी भरलेला एक मेसेज सध्या फिरतोय, 'जर्मन काळ्या बिअरचे फायदे, कंपन्या तुम्हाला हे सांगणार नाहीत'. ही बिअर म्हणजे डॉपेलबॉक, माल्टने (मोड आणून वाळवलेल्या जवाने) भरलेली जर्मनीतली कडक बिअर. मेसेज तुमच्याकडे आला नसेल तर नशीबवान आहात. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: एक, बिअर जितकी काळी तितकी कडक. दोन, तिच्यात लोह भरपूर, म्हणून रक्त वाढतं आणि बाळंतिणीला दिली तर दूध उतरतं. तीन, जर्मनीतले साधू ४० दिवस फक्त हीच पिऊन राहायचे, म्हणजे हा पूर्ण आहार. चार, चव गोड म्हणजे अल्कोहोल नावालाच. पाच, ब्रूपबमधली (जिथल्या तिथे बिअर बनवून देणाऱ्या हॉटेलातली) ताजी असते, केमिकल नसतं, त्यामुळे हँगओव्हर होत नाही आणि पोलिसांच्या मशीनमध्येही येत नाही.

पहिल्या मुद्द्यात कडक आणि चौथ्या मुद्द्यात नावालाच. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी एकदा वाचायचा होता.

असलं काही आलं की मी डिलीट करून मोकळा होतो. पण या वेळी नेरुळहून मावशीचा फोन आला. मावसबहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ अजून दोन महिन्यांचंही नाही, आणि जिने आयुष्यात घरात बाटली येऊ दिली नाही ती माझी मावशी मला विचारते, "अरे तू जातोस ना बेलापूरला त्या बिअरच्या हॉटेलात, तिथे ती काळी मिळते का रे? पार्सल देतात का? अर्धा ग्लास दिला तर चालेल ना हिला?" आता बोला. म्हणून क्रम वगैरे सोडतो आणि दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्यांनी फार तर पिणाऱ्याचं नुकसान होईल, याने तान्ह्या बाळाचं होईल.

लोहाची गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. २०११ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० बिअर तपासल्या होत्या आणि काळ्या बिअरमध्ये फिकट बिअरपेक्षा लोह जास्त निघालं होतं. सरासरी आकडे काळीत १२१, फिकटीत ९२, बिनअल्कोहोलवालीत ६३. बातम्यांचे मथळे तिथून आले आणि व्हॉट्सॅपवरचं 'भरपूर' पण बहुतेक तिथूनच आलं. पण १२१ काय? किलो की पोती? तर पार्ट्स पर बिलियन, म्हणजे लिटरभर काळ्या बिअरमध्ये साधारण ०.१२१ मिलिग्रॅम. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. करा भागाकार. २४० लिटर. रोज! पाणी साठवायचं ते मोठं निळं पिंप असतं ना, ते भरून वर आणखी काही बादल्या.

आणि बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात १८० दिवस लोहाच्या ज्या गोळ्या फुकट देतात, त्यातल्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. बिअरच्या हिशोबात हे जवळजवळ ५०० लिटर होतात. मावशीला मी हा एकच आकडा सांगितला आणि तिथेच ती अर्ध्या ग्लासावरून खाली आली.

आता दूध. इथे पण अर्धं खरं आणि अर्धं घातक असा मामला आहे. बार्लीतला एक पॉलिसॅकराइड (पिष्टासारखा घटक) प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, वाढवतो असं दिसलंय, म्हणून जर्मनीत बायकांना माल्ट्झबिअर हे माल्टचं पेय द्यायची पद्धत होती, अमेरिकेत तर अनहायझर-बुश या बिअर कंपनीने १८९५ मध्ये माल्ट-न्यूट्रिन नावाचं पेय टॉनिक म्हणून बाजारात आणलं होतं. पण या दोन्हींत अल्कोहोल अगदी किरकोळ. बार्लीचा जो काही गुण असेल तो अल्कोहोल नसलेल्या माल्टच्या पेयातही असतो, त्यासाठी साडेसात टक्के अल्कोहोलच्या डॉपेलबॉकचा ग्लास कशाला? उलट अल्कोहोलमुळे ऑक्सिटोसिन हे हार्मोन दबतं, आणि दूध सुटायला तेच लागतं. १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मेनेला आणि बोशँप या दोघांचा अभ्यास आला होता, आईने अल्कोहोल घेतल्यावर बाळं चोखायची जास्त वेळा पण दूध पोटात जायचं कमी. म्हणजे आईला वाटतं बाळ चांगलं पितंय आणि बाळ उपाशी. शिवाय रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच साधारण दुधात उतरतं, आणि पिळून टाकलं म्हणून ते जात नाही, रक्तातलं उतरेल तसंच उतरतं. बाळाचं लिव्हर दोन महिन्यांचं, त्याला यातलं काही झेपत नाही.

अळिवाची खीर करा, डिंकाचे लाडू करा, शतावरी कल्प द्या, निदान त्यात दारू तरी नाही. दूध खरंच कमी पडत असेल तर डॉक्टरला दाखवा. बिअरचं हॉटेल हा त्यावरचा पत्ता नव्हे.

साधूंचा मुद्दा मला खरंतर आवडतो, कारण गोष्ट छान आहे आणि बरीचशी खरी आहे. म्युनिकला सतराव्या शतकात इटलीहून आलेले पाउलानर पंथाचे मठवासी होते, त्यांच्या उपवासाच्या दिवसांत मांस, अंडी, दूध सगळं बंद, पण पातळ पदार्थाने उपास मोडत नाही असा नियम, मग त्यांनी अशी जाड, माल्टने भरलेली बिअर केली की पोटाला आधार व्हावा. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय! त्यांच्या 'साल्व्हाटोर' नावाच्या त्या बिअरवरूनच आजही या प्रकाराच्या बिअरच्या नावांना शेवटी 'आटोर' लावतात, सेलेब्राटोर, ऑप्टिमाटोर वगैरे. पण फॉरवर्डवाले एक गोष्ट गाळतात. त्या काळची बिअर पूर्ण आंबायचीच नाही, साखर जास्त उरायची आणि अल्कोहोल आजच्यापेक्षा कमी असायचं. आजचं डॉपेलबॉक ७ टक्क्यांपासून १० पर्यंत जातं. तुम्ही आणि ते एकच बिअर पीत नाही आहात.

हो, २०११ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या एका छोट्या वर्तमानपत्राच्या संपादकाने ४६ दिवस फक्त डॉपेलबॉक आणि पाणी यावर काढून दाखवले होते, हेही खरं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ११ किलोच्या वर वजन उतरलं त्याचं. उतरणारच, जेवला नाही तर कोणाचंही उतरतं. प्रोटीन, जीवनसत्त्वं, फायबर कुठून येणार होतं? हा आहार नाही, हा हट्ट आहे.

काळी म्हणजे कडक, यावर फार वेळ घालवत नाही. गिनेस ड्राफ्ट रंगाने जवळजवळ काळी आणि अल्कोहोल ४.२ टक्के. म्युनिकची डुंकेल गडद तपकिरी, साधारण ५. आणि आपली कुठलीही लोकल स्ट्राँग पिवळीधमक, ८ पर्यंत. रंग माल्ट किती भाजलं त्यावर ठरतो, नशा यीस्टने किती साखर खाल्ली त्यावर. मूठभर काळं भाजलेलं माल्ट टाकलं तरी अख्खी टाकी काळी होते आणि अल्कोहोल तसूभर वाढत नाही. फिकट रंगाचं डॉपेलबॉक पण असतं, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

चौथा मुद्दा, गोड म्हणजे हलकी. हा सगळ्यात फसवा आहे आणि यात पिणाऱ्यांपैकीच निम्मे लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर. बेलापूरच्या त्या ब्रूपबमध्ये मागच्या महिन्यात टॅपवर डॉपेलबॉक लागली होती, बोर्डावर ७.५ लिहिलेलं. लोक काळी म्हणतात पण ग्लास दिव्यासमोर धरला की कडेने डाळिंबी लाल दिसते. फेस बदामी रंगाचा. वास आधी भाजलेल्या पावाच्या कडेचा, मग टॉफी, मग काळ्या मनुका आणि खजूर. यात कॉफी, चॉकलेट, गूळ काहीही घातलेलं नसतं (मेसेजच्या एका आवृत्तीत गूळ पण आहे, कठीण आहे), हे सगळं म्युनिक माल्टमधून येतं, धान्य भट्टीत वाळवताना आणि मॅश (दळलेलं माल्ट आणि पाणी यांचं मिश्रण) उकळताना मेलार्ड रिअ‍ॅक्शन होते त्यातून. तव्यावर पोळीला डाग पडतात ना, तीच केमिस्ट्री. घोट जाड, जिभेवर बसणारा, कडवटपणा मुद्दाम कमी ठेवलेला, आयबीयूच्या मापात १६ ते २६. आणि लागर (थंडीत आंबवायच्या बिअरचं) यीस्ट ८ ते १२ डिग्रीला हळूहळू काम करतं, मग आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपास थंड ठेवतात, त्यामुळे कडक बिअरला जो घशात चरचरणारा स्पिरिटसारखा वास येतो तो जवळजवळ राहतच नाही. मिळते ती फक्त छातीत उतरणारी ऊब, ती पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतर.

म्हणजे अल्कोहोल कमी नसतं, ते माल्टमागे लपलेलं असतं. हिशोब सांगतो. साडेसात टक्क्यांच्या ३३० मिलीत साधारण साडेएकोणीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीत वीसच्या जरा वर. म्हणजे एक छोटा ग्लास म्हणजे जवळजवळ एक लार्ज. माझ्यासोबतचा मित्र "सरबतासारखी आहे रे" म्हणत अर्ध्या लिटरचे दोन मग संपवून बसला होता, त्याचे तीन लार्ज झाले होते आणि त्याच्या हिशोबात दोन बिअर. बरं, हा ग्लास बर्फगार करून पण घेऊ नका. ८ ते १० डिग्रीला चव उघडते, फ्रीझरमधल्या मगमध्ये ओतली की वास मरतो आणि उरतो तो नुसता गोडवा, मग तो अजून भराभर पोटात जातो. सोबत शेजवान काहीतरी मागवलं तर तेही वाया, भाजलेलं मटण किंवा साधे खारे शेंगदाणे चालतात.

राहिलं केमिकल आणि पोलीस. 'केमिकल नसतं' म्हणताना ज्याचं नाव घेतात तो जर्मनीतल्या बव्हेरियाचा १५१६ चा बिअरचा नियम घटकांबद्दल होता, जव, हॉप्स, पाणी, बस. हँगओव्हरबद्दल त्यात अवाक्षर नाही आणि नवी मुंबईत तो लागू पण नाही. डोकं दुखतं ते मुख्यतः अल्कोहोलमुळेच, ते ताजं असो की बाटलीतलं. ब्रेथ अ‍ॅनालायझर पण अल्कोहोलच मोजतो, प्रिझर्वेटिव्ह नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. या बिअरचा अर्ध्या लिटरचा एक मग, म्हणजे तीसेक ग्रॅम अल्कोहोल, ७० किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी घेतला तर ढोबळ हिशोबाने आकडा ६० च्या आसपास जातो. मर्यादेच्या दुप्पट, एका मगात. पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाम बीच रोडवर शनिवारी रात्री नाकाबंदी लागली की तिथे हवालदाराला 'साहेब, ताजी होती, केमिकल नव्हतं' सांगून बघा. नाहीतर सरळ रिक्षा करा, बेलापूरहून नेरुळला असं कितीसं भाडं होतं.