सीट नंबर 22

जुन्या गोव्याच्या गांधी सर्कलजवळ मागचा टायर बसला. पंक्चरवाल्याने गाडीकडे न बघताच "मागीर येयात" म्हटलं, म्हणजे तासाची निश्चिंती. मे महिन्यातले सकाळचे अकरा. म्हटलं, जन्म माशेलात गेला, पणजीला जाता-येता ही चर्चं बसच्या खिडकीतूनच पाहिली, चला, आज पायी बघू. व्हाइसरॉयच्या कमानीपासून बॉम जेझूच्या चर्चपर्यंत चाल ती किती? रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटांची.

ती पंधरा मिनिटं मी सांगलीहून आलेला एक निवृत्त बँक अधिकारी म्हणून काढली. राग अजून गेलेला नाही.

कमानीच्या नदीकडच्या अंगाला उभा राहून मी वरचा वास्को द गामा बघत होतो. पुतळा त्याचा असला तरी कमान त्याने बांधलेली नाही. तो 1524 मध्येच कोचीनला वारला. त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होऊन आला आणि 1599 च्या सुमाराला पणजोबांना दारावर चढवून मोकळा झाला. खुर्ची मिळालेल्या नातवंडांनी आजोबांचे पुतळे बसवायची रीत बरीच जुनी दिसते. पुढे कमान कोसळली; आज आहे ती 1954 मध्ये पुन्हा उभारलेली.

तेवढ्यात मागे शिट्टी वाजली. शिट्टीला वळून बघायचं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून वळलो नाही. मग खांद्यावर हात पडला.

"22 नंबर! अहो काका, कुठं गायब झालाय? अख्खी गाडी खोळंबलीय तुमच्यापायी. चला, लाइनीत या."

गळ्यात शिट्टी, हातात घामाने भिजलेली यादी, तिशीतला माणूस. त्याच्यामागे चाळीसेक माणसं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. माझ्याही डोक्यावर पिवळी टोपी होती. रंगाच्या दुकानात दोन मोठे डबे घेतले की फुकट मिळते, ती. पिवळा रंग काही कुणा सहल कंपनीने विकत घेतलेला नाही.

"मी तुमच्यातला नाही," मी म्हणालो.

"टोपी आहे की."

"टोपी माझी आहे. मी इथलाच. माशेलचा."

"माशेल? तालुका कुठला?"

"फोंडा."

त्याने यादीत फोंडा शोधला. सापडला नाही. मग माझ्याकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, गोव्याचे असता तर एवढं स्वच्छ मराठी बोलला असता का?"

आता याला काय सांगणार? की बाबा, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देवळात आरत्या मराठीत होतात, दशावतारातले राजे मराठीत लढतात, शाळा मराठीत झाली, सकाळी पेपर मराठी येतो? इकडे गोव्यात मराठी बोललो की "घाटावरचे का?" असं विचारणारे भेटतात आणि घाटावरून येतात ते मला परत न्यायलाच येतात. मधल्या मध्ये आम्ही कुठे उभं राहायचं, हे कुणीतरी पाटी लावून सांगावं.

वास्तविक या प्रश्नाचा निकाल आमच्या राज्याने रीतसर लावलेला आहे. 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झालं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. आमचे आजोबा कट्टर फूलवाले. जाईपर्यंत तो आकडा त्यांना तोंडपाठ होता आणि नुसता उच्चारला तरी जेवण टाकून उठायचे. त्यांचं ते अपुरं स्वप्न या शिट्टीवाल्याने पूर्ण करत आणलं होतं. संध्याकाळी बस सुटणार, आणि माशेलचं एक घर, एका माणसापुरतं का होईना, महाराष्ट्रात विलीन होणार.

"तुम्ही आपल्या प्रवाशांना ओळखत नाही?" मी विचारलं.

"मी कालच रात्री गाडीवर चढलो. आधीच्या मॅनेजरचं पोट बिघडलं, तो कोल्हापुरातच उतरला." मग घोळक्याकडे वळून, "हे आपल्यातलेच ना हो?"

"असतील," एक गृहस्थ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "पुढच्या सीटवर घोरत होते ते," असं एका बाईंनी ठामपणे सांगितलं. घोरण्यावर आल्यावर मी गप्प बसलो. ते घरीही सिद्ध झालेलं आहे.

सरळ निघून का गेलो नाही? कारण मला तिकडेच जायचं होतं. कमानीतून आत जाणारा रस्ता एकच, पुढे ती लाइन, मागे शिट्टी.

हा रस्ता म्हणजे एके काळची रुआ दिरेता. इथे रोज सकाळी लिलाव व्हायचे. अरबी घोडे, रेशीम, आणि माणसंसुद्धा विकली जायची. गोवे पाहिलं त्याने लिस्बन पाहायची गरज नाही, अशी पोर्तुगीजांत म्हण होती. पुढे साथींनी शहर ओस पडलं, दगडसुद्धा पणजी बांधायला गेले, आणि 1843 मध्ये राजधानीचा मानही अधिकृतपणे पणजीला गेला. त्या लिस्बनच्या तोडीच्या शहराला मॅनेजरने चाळीस मिनिटं दिली होती, लघवीच्या रांगेसकट.

"हे सगळं हजार वर्षांपूर्वीचं," तो से कॅथेड्रलकडे हात करून म्हणाला.

"1562 ला काम सुरू झालं, 1619 ला संपलं," मी म्हणालो. मला राहवलं नाही. "आणि उजवीकडचा मनोरा नाही, तो 1776 मध्ये पडला."

"हे 22 नंबर फार बोलतात," मागून कुणीतरी म्हणालं.

एक आजी मात्र जवळ सरकल्या. "बाळा, हितं देऊळ कुठाय रं?" त्यांना सांगितलं, की इथली देवळं मोडायला लागले तेव्हा देवच नदीपलीकडे नेले. मंगेशी मूळची कुठ्ठाळीची. आमच्या माशेलचा देवकीकृष्ण चोडणचा, तिथून मयें, तिथून माशेल. आजींनी पदराने कपाळ पुसलं. "म्हंजे तुमी बी देवासंगट पळालासा?" एवढ्या लोकांत माझा पत्ता खरा मानणाऱ्या त्या एकट्याच.

कॅथेड्रलपुढच्या चौकालगत इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. लोक त्याला थोरलं घर म्हणत. 1560 मध्ये सुरू झालेलं ते प्रकरण कायमचं बंद झालं 1812 मध्ये. तू कोण, कुठला, मनात काय मानतोस, याची चौकशी तिथे चाले आणि उत्तर आधीच ठरलेलं असे. त्याच जागी घामाने निथळत उभं राहून मी एका यादीवाल्याला पटवत होतो की मी मी आहे.

शेवटचा उपाय म्हणून बॉम जेझूबाहेरच्या मेणवातीवालीला गाठलं. तिथे मेणाचे हात, पाय, बाळंसुद्धा मिळतात. जे दुखतं ते नवसाला वाहायचं. म्हटलं, "मावशे, ह्यांका सांग गे, हांव हांगाचोच."

"वाती घेतल्यार सांगतां," ती म्हणाली.

मी मेणाचा एक पाय घेतला. पैसे मोजून घेतल्यावर ती मॅनेजरला म्हणाली, "ह्या बाबाक हांव वळखना."

"पण कोकणी ऐकलीत ना माझी?" मी मॅनेजरला म्हणालो.

"कोकणी येणारच. 22 नंबर देवगडला बँकेत होते, यादीत लिहिलंय." यापुढे बोलणं खुंटलं. त्या यादीवाल्याने देवगडची मालवणी आणि माशेलची कोकणी एका दमात एक करून टाकली. इथे आम्ही कोकणी की मराठी यावरून कित्येक दशकं भांडतोय.

मग खरे 22 नंबर आले. सावलीत बसून कोकम सरबत पीत होते म्हणे, डोक्यावर टोपी नाही. ना त्यांना कुणी रागावलं, ना मला कुणी माफ करा म्हटलं. मॅनेजरने माणसं पुन्हा मोजली, एक जास्त भरलं, आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, "मग तुम्ही आमच्यात का फिरत होता? टोपी द्या इकडे, कंपनीची आहे." टोपीवर रंगाच्या कंपनीचं नाव होतं. त्याने वाचलंही नाही, काढली आणि 22 नंबरांना घातली.

आता खरंच बॉम जेझू बघायचं उरलं. उघड्या डोक्याने बघितलं. 1950 च्या दशकात वरचा गिलावा खरवडून आतले चिरे उघडे केले, लाल रंग जुना आणि देखणा दिसावा म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा तो जांभा थोडा थोडा खातोय. जागतिक वारसा म्हणून 1986 मध्ये नाव लागलं, समित्या झाल्या, आणि भिंती आपल्या भिजतायत. बाहेर रस्त्याकडेला बसगाड्या एसी चालू ठेवून धूर ओकत उभ्या, गटारात पाण्याच्या बाटल्या. चाळीस मिनिटांत पाहून होणाऱ्या गावाची कोण कशाला काळजी करील?

बाहेर आलो तर तीच बस. दारातून मॅनेजर ओरडला, "ओ काका, मंगेशीला कसं जायचं?"

"फोंड्याचा रस्ता धरा. बाणस्तारीचा पूल ओलांडा. म्हार्दोळच्या अलीकडे मंगेशी. पाटी आहे."

त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "थांबा, कुणा माहीतगाराला विचारतो." आणि दिल्लीच्या नंबरप्लेटच्या गाडीपाशी गेला. आतल्या माणसाने मोबाइल आडवा धरला, उभा धरला आणि पणजीकडे बोट केलं.

बस पणजीकडे वळली. मी हात केला नाही. त्या आजींचं तेवढं वाईट वाटलं.