‘डेमन कॉपरहेड’ ही नक्कल आहे का?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकन लेखिका बार्बरा किंगसॉल्व्हर यांनी ‘डेमन कॉपरहेड’ लिहिताना डिकन्सची कादंबरी ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (1849-50) उचलली, नावं बदलली, गोष्ट इंग्लंडातून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ली काउंटीत नेली आणि त्यावर 2023चं पुलित्झर मिळवलं.

नावांबद्दल तुमचं पटतं. डेव्हिडचा क्रूर सावत्र बाप मर्डस्टन, त्याचा इथे स्टोनर; कपटी कारकून युराया हीप, त्याचा यू-हॉल. ही जुळवाजुळव पुढे पुढे नको होते. पण नावांवर थांबलात तर कादंबरीतलं खरं काम हातून निसटतं.

डेव्हिडची पहिली बायको डोरा घ्या. डिकन्सच्या डोराला घर चालवता येत नाही, हिशेबाची वही तिला खेळणं वाटते, नोकर लुबाडतात. वाचकाला हसू येतं. मग 53व्या प्रकरणात ती आजारपणात जाते आणि डेव्हिडची अ‍ॅग्नेसकडे, त्याच्या पुढच्या बायकोकडे, जायची वाट मोकळी होते. मला हा डिकन्सचा सर्वांत सोयीस्कर मृत्यू वाटतो. किंगसॉल्व्हरच्या डोरीचं, म्हणजे नायक डेमनच्या प्रेयसीचं, घरही असंच विस्कटलेलं, पण दोष स्वभावाचा नाही. आजारी बापाची सेवा करता करता तिला त्याच्याच औषधांचं व्यसन लागलंय. डेमनचा गुडघा फुटबॉल खेळताना जातो, तेव्हा गोळ्या त्यालाही डॉक्टरकडूनच मिळतात. ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावणारं अफूच्या जातीचं वेदनाशामक 1996 साली बाजारात आलं आणि खाणकामानं अंग मोडलेल्या माणसांच्या या पट्ट्यात ते जोरात खपवलं गेलं. त्यामुळे तेच प्रसंग इथे वाचताना धडकी भरते.

शेवटाकडेही पाहा. डिकन्सकडे डेव्हिडचा कर्जबाजारी मित्र मिकॉबर हीपचं कपट उघडं पाडतो, पैसे परत मिळतात, डेव्हिडची बालमैत्रीण एमिली आणि मिकॉबर कुटुंब जहाजानं ऑस्ट्रेलियाला जातात. वसाहतींच्या काळात लेखकाच्या हाताशी हा उपाय होता. ली काउंटीतून असं जहाज सुटत नाही, आणि यू-हॉल पकडला गेला तरी गोळ्या उरतातच.

व्हिक्टोरियन वारसा मला पात्रांच्या लकबींत जास्त दिसतो. डिकन्सचा अंक महिन्याला यायचा. मधल्या काळात वाचकानं माणूस विसरू नये म्हणून तो प्रत्येकाला बोलण्याची ठरावीक ढब देई. किंगसॉल्व्हर ती रीत एकसंध छापलेल्या कादंबरीतही पाळतात.

जमलं तर ‘डेव्हिड’चं 11वं प्रकरण आणि डेमनचे तंबाखूच्या शेतातले दिवस लागोपाठ वाचा. दहा वर्षांचा डेव्हिड दारूच्या वखारीत बाटल्या धुतो, आणि त्याला सर्वाधिक बोचते ती हलक्या संगतीची लाज. डेमनला ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून भिनून उलट्या होतात, आणि त्याला सांभाळल्याबद्दल शेतमालकाला सरकारी पैसे मिळतच असतात.