छत्तीसचा आकडा

मंगळवारी सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान तासगाव तालुक्यातल्या एका अनोळखी कुटुंबाने माझ्या तोंडाची आतली बाजू पाहिली. नक्की किती जणांनी पाहिली ते सांगता येत नाही, कारण मोबाईलच्या पडद्यावर सारखी नवी डोकी उगवत होती. त्यात शाळेच्या गणवेशातला एक पोरगा होता. तो "शी!" म्हणाला. बाकी सगळं मी एक दिवस विसरेन, तो "शी" विसरणार नाही.

दाढ दुखायला लागली सोमवारी रात्री. दिवसा दवाखाने उघडे असतात तेव्हा ती शहाण्या बाळासारखी गप्प होती. सांगली झोपली आणि ही उठली. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, दाढेतला गर आधीच सुजलेला, आणि भोवती दगडासारख्या भिंती असल्यामुळे त्याला फुगायला जागा नाही. हे नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की भिंतीला टेकून बसलं तर जरा बरं वाटतं. म्हणून पहाटेपर्यंत मी भजनाला बसल्यासारखा बसून होतो. बायकोने लवंगेचं तेल दिलं आणि "कापसावर थेंबभर" असं बजावून झोपायला गेली. मी बाटली उपडी केली. लवंगेतलं युजेनॉल ठणका बधिर करतं हे खरं, पण जास्त झालं की हिरडी भाजतं. दोन वाजता माझी दाढ दुखत होती. अडीचला दाढ आणि हिरडी. मग कोमट पाण्यात मीठ घालून चुळा, पॅरासिटामॉलची एक गोळी, गालावर बाहेरून बर्फाचं फडकं, अशी शहाण्या माणसाची कामं मी चार वाजता केली. शहाणपणाची माझी वेळ साधारण तीच.

सकाळी विश्रामबागेतल्या एका दंतवैद्यांकडे जाऊन बसलो. अपॉइंटमेंट नव्हती, त्यामुळे अपॉइंटमेंट असलेली हसरी, बिनसुजलेली माणसं माझ्या देखत आत जात होती. शेजारच्या खुर्चीत पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. ते पेशंट नव्हते. भाच्याच्या दातांना तारा बसवायच्या होत्या, म्हणून आले होते. भाचा आत होता. मामा रिकामे होते.

"दाढ का, पावणं?"

मी मान हलवली.

"खालची का वरची?"

मी बोट वर केलं.

"बगू."

इथे वाचक विचारतील, तुम्ही तोंड उघडलंतच कशाला? मीही मंगळवारपासून स्वतःला हेच विचारतोय. पण "बगू" हा शब्द ज्याने त्या भागातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलाय, त्यालाच त्यातला अधिकार ठाऊक. मास्तर "हात पुढं कर" म्हणाले की हात पुढे जायचा, छडी नंतर आठवायची. तसं माझं तोंड उघडलं. मामांनी मोबाईलची बॅटरी लावली, डोकं वाकडं करून आत पाहिलं आणि एखाद्या विहिरीत डोकावून यावं तसे परत आले.

"मला काय त्यातलं कळत न्हाई," ते म्हणाले. "आमच्या थोरल्या आत्तीला कळतंय."

आणि त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

आत्ती ऐंशीच्या घरातली असावी. सुरुवातीला नुसतं कपाळ आणि मागे गोठा दिसला. "अरं सरळ धर की," ती म्हणाली, "मला नुसती नाकपुडी दिसतीया."

"नाकपुडी दिसतीया म्हंत्यात," मामा मला म्हणाले. मला ऐकू येत होतं. साऱ्या वेटिंग रूमला ऐकू येत होतं. पण मामांनी शेवटपर्यंत आत्तीचं प्रत्येक वाक्य मला, आणि माझा प्रत्येक हुंकार आत्तीला पोचवला. लोकसभेत दुभाषे असतात तसे.

"जीब बाजूला कर म्हणावं."

"जीब बाजूला करा."

केली.

"ही न्हवं. वरची धडधाकट हाय. खालची बग, मागनं तिसरी. काळी पडलीया."

"खालची हाय म्हंत्यात."

"ऑऑची ओऑय," मी म्हणालो. म्हणजे, वरची दुखतेय. दाढ माझी, रात्र मी काढलेली, आणि कुठली दुखते ते मला ठाऊक नसावं?

"वरची दुकतीया म्हंत्यात," मामांनी कळवलं.

"दुकतीया कुटं ते त्येला काय कळतंय?" आत्ती म्हणाली. "म्हशीला सांगता येतंय का, कंचा सड दुकतोय?"

हे वाक्य मात्र मामांनी पोचवलं नाही. तेवढा शिष्टाचार त्यांच्यात होता.

याच सुमारास गणवेशातला तो पोरगा, त्याची आई आणि दूध घालायला आलेला कुणीतरी पडद्यावर दाखल झाले. आत्तीने उपाय सांगितला. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, वर नळी धरून धूर दाढेत घ्यायचा आणि पाण्याच्या परातीवर तोंड वाकवायचं. किडे आपोआप पडतात. तिच्या सासऱ्यांच्या दाढेतून सात पडले होते. तिने मोजले होते.

आता यात आत्तीचा तरी काय दोष? आपली भाषाच तिच्या बाजूने साक्ष देते. दाताला "कीड" लागते, दात "किडतो". मग कीड आहे म्हटल्यावर किडा हवाच. हा किडा हजारो वर्षं जुना आहे, बॅबिलोनच्या मंत्रांतही तो सापडतो. पॅरिसमध्ये पियेर फोशार नावाच्या दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकातून त्याचा शोध घेतला आणि १७२८ साली आपल्या ग्रंथात लिहून टाकलं की, मला काही दिसला नाही. १८९० साली बर्लिनमध्ये मिलर नावाच्या दंतसंशोधकाने खरी भानगड मांडली : तोंडातले जंतू साखर, पीठ खातात, आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचं कवच विरघळतं. परातीत जे पडतं ते दाढेतलं नसतं, बियांतलं असतं. हे सगळं मला माहीत होतं. पण जीभ बाजूला करून, तोंडात बॅटरीचा उजेड घेऊन, तासगावकडच्या पाच माणसांना फोशार समजावून सांगता येत नाही.

"तवर काय करायचं, तर डोकेदुखीची ॲस्पिरिन गोळी दाढंपाशी दाबून धरायची," मामांनी पदरचं घातलं.

इथे मी तोंड मिटलं. "त्याने हिरडी भाजते. गोळी पाण्याबरोबर गिळायची असते."

"तुमी डॉक्टर हाय?"

"नाही."

"मग?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. ते तरी कुठे डॉक्टर होते, हे उत्तर घरी आल्यावर, जेवताना सुचलं. आणि जेवताना म्हणजे पेज पिताना.

आत्तीने मशेरी लावण्याचाही सल्ला दिला. पुढचे चार दात मशेरीने काळे झालेल्या माणसाने तो द्यावा, आणि भाजलेल्या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे एव्हाना प्रत्येक एसटी स्टँडच्या भिंतीवर लिहिलेलं असावं, याचा मला खरोखर राग आला. बाकीची गंमत होती, ही नव्हती. पण मी "हो हो" म्हणालो. आपण सगळे असंच म्हणतो आणि ती डबी घराघरांतल्या फळीवर तशीच राहते.

फोन ठेवल्यावर मामांनी पिशवीतून मूठभर बेदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "आमच्या शेडवरचं हाय." दाताच्या दवाखान्यात, सुजल्या गालाच्या माणसाला, बेदाणे! दातांच्या खाचेत चिकटून बसायला बेदाण्याइतकी चिवट वस्तू दुसरी नाही. मी दोन खाल्ले. उजवीकडून. तासगावच्या माणसाने दिलेला बेदाणा परत करायचा नसतो.

पुढे अर्धा तास रिकामा होता तेव्हा विचार केला, तर माझ्या दाढेत सांगली जिल्ह्याचं अर्थकारणच अडकलेलं निघालं. उसाची साखर, तासगावचा बेदाणा, संध्याकाळचं भडंग. त्यातले चुरमुरे दाढेवर लुकणासारखे बसतात आणि लसूण तेवढा लक्षात राहतो. त्यात ऑफिसचा चहा. दिवसातून सहा वेळा, अर्धा अर्धा कप. मला वाटायचं, अर्धाच तर घेतो. पण दाढेचा हिशोब वेगळा आहे. ती साखर किती हे मोजत नाही, किती वेळा हे मोजते. प्रत्येक घोटानंतर जवळजवळ अर्धा तास आम्लाचं काम चालू राहतं, आणि ते थांबून लाळ जरा डागडुजी करायला घेते तोवर आमचा शिपाई पुन्हा ट्रे घेऊन उभा. जिल्ह्यात माझ्या बाजूची म्हणावी अशी एकच गोष्ट, हळद. पण पडलेलं भोक हळदीने बुजत नाही.

शेवटी आत बोलावलं. डॉक्टर तिशीच्या आतल्या. "काका, मोठा आ करा." मी शेहेचाळीसचा आहे. पण त्या दिवशी अपमानांची रांग इतकी लांब होती की "काका"ला टोकन देऊन मागे बसवलं. त्यांनी आरशाच्या दांडीने वरच्या दाढेवर टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. मग खालच्या दाढेवर एकदाच टकटक केलं आणि मी खुर्चीतून वीतभर उठलो.

"वरची दुखतेय असं वाटतं ना? एकाच बाजूला असलं की वरचं खाली, खालचं वर जाणवतं," त्या म्हणाल्या आणि मदतनीस मुलीला सांगितलं, "छत्तीस नंबर."

डावीकडची खालची पहिली मोठी दाढ म्हणजे ३६, ही जगभरच्या बहुतेक दंतवैद्यांची मोजणी आहे. त्यांना मराठी येत नसावं. पण आकडा बघा : तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. ही दाढ सहाव्या वर्षी येते, एकही दुधाचा दात न पाडता, गुपचूप मागच्या बाजूला. त्यामुळे घरोघरी तिला दुधाची समजतात. आमच्याकडेही "पडणारच आहे" म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. ती पडणार नव्हती. चाळीस वर्षं ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. हल्ली मुलांच्या या दाढांच्या खाचा वेळेवर बुजवून घेता येतात. आमच्या वेळी मुलांनाच बुजवत होते, असं म्हणायला हरकत नाही.

रूट कॅनॉल. तीन बैठका, वर कॅप. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी "बारीक खड्डा आहे, भरून घ्या" म्हटलं होतं. तेव्हा मार्च अखेर होती. नंतर दुसरी मार्च अखेर आली. आता जो आकडा सांगितला तो ऐकून मी विम्याच्या एजंटाला फोन केला. पॉलिसीत दात येत नाहीत म्हणाला. म्हणजे मी मेलो तर पैसे मिळतील, चावलो तर नाही. गुडघा अवयव, मूत्रपिंड अवयव, आणि दात काय, फर्निचर? बारा वर्षं हप्ते भरतोय.

बधिर ओठाने बाहेर आलो. मामा अजून तिथेच.

"कुटली निगाली?"

खोटं बोलता आलं असतं. पण ओठ बधिर असताना खोटं नीट बोलता येत नाही.

"आलची."

"खालची निगाली!" मामांनी रूमला सांगितलं, फोन लावून आत्तीला सांगितलं, आणि बेदाणे पाठवतो म्हणून माझा नंबर घेतला. तोही मी दिला.

काल संध्याकाळी त्याच नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. आत्ती. शेजारणीची दाढ दुखतेय, तिला वरची वाटतेय, तेव्हा तुमची एकदा दाखवली की तिची खात्री पटेल, असं म्हणणं होतं. मागे तो पोरगा उभा होताच, या वेळी घरच्या कपड्यांत.

मी उठून खिडकीपाशी गेलो. तिथे उजेड बरा येतो.