शेपटीचा घोळ

पिंपळगावच्या मावसभावाला द्राक्षांच्या चाळीस फोटोंवर बागेचं नाव टाकून हवं होतं. "दादा, तू कॉम्प्युटरवाला. तुला काय, पाच मिनिटं!" ती पाच मिनिटं शनिवारी रात्री नऊला सुरू झाली.

सगळ्या फोटोंवर एका दमात नाव छापणारा प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, माझ्याकडे होता. पण तो गिम्प या फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या २.१० आवृत्तीच्या काळातला, पायथन २ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला. आणि मी हौसेनं २०२५ मध्ये आलेलं ३.० बसवून बसलेलो. त्यात जुने प्लगइन चालत नाहीत. हे अकराला कळलं. तोवर मी गिम्प दोनदा काढून दोनदा बसवलं होतं. (तिसऱ्यांदाही बसवणार होतो, पण चहा उतू गेला.)

नवा प्लगइन उतरवला. ठेवायचा कुठे? ॲपडेटात. तो फोल्डर विंडोजनं लपवलेला! आजीही लाडवांचा डबा लपवायची, पण "त्यात लाडू नेऊन ठेव" असं आम्हाला कधी सांगायची नाही.

ठेवला. मेनू उघडला. पत्ता नाही. बरं, काही तक्रार करावी, लाल अक्षरात दोन शिव्या द्याव्यात, तर तेही नाही. मान न मिळालेल्या व्याह्यासारखा नुसता गप्प. मी फोल्डर हलवला, पुन्हा हलवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, देवाजवळ निरांजन लावलं.

पहाटे कधीतरी नियम वाचला. फाईल ज्या फोल्डरात असते त्याचं आणि तिचं नाव तंतोतंत एकच हवं. माझ्या झिपमधून निघालेल्या फोल्डरच्या नावामागे आडवी रेघ आणि 'मेन' असं शेपूट चिकटलेलं. पंचवटीत 'काळारामाच्या मागे' एवढ्या पत्त्यावर लग्नपत्रिका पोचते हो! इथे एका शेपटासाठी माझी अख्खी रात्र.

शेपूट खोडलं. गिम्प पुन्हा उघडलं. फिल्टर्सच्या मेनूत, अगदी तळाला, नाव!

"आलं! आलं!" मी ओरडलो.

बायको झोपेतून उठून दोन बादल्या घेऊन मोरीकडे धावली. नळ सोडला. कोरडा ठक्क.

"कुठे आलंय?"

"मेनूत."

तिनं एक बादली माझ्या खुर्चीशी आणून ठेवली, काहीही न बोलता, आणि परत जाऊन झोपली.